उपकेंद्राचा दुसरा प्रश्न

बाबा, तुम्हाला आधी उत्तर वाचायची सवय, प्रश्न नंतर. म्हणून उत्तरापासूनच सुरुवात करते. "(१) होय, हे खरे आहे. (२) होय. (३) एकही दिवस नाही." विधानसभेच्या छापील यादीत, आतल्या पानावर, हे आलं आहे. सभागृहात ते कुणी मोठ्यानं वाचलं नाही, कुणी बाकं वाजवली नाहीत, वर्तमानपत्रातही ओळ आली नाही. अतारांकित प्रश्न म्हणजे लेखी विचारायचं आणि लेखीच उत्तर घ्यायचं, हे तुम्हाला सांगायला नको. पण मी तीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यामुळे समोरच्याला येत असलं तरी सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. सही आमदारांची, शब्द माझे. तो कागद मी दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा वाचला. सरकारला पळायला मी जागा ठेवली नव्हती, आणि सरकार पळालं नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हा कागद दाखवावा असं पहिलं माणूस तुम्हीच आठवलात.

तुमची खेडची कचेरी मला आठवते ती अधिवेशनाच्या दिवसांतली. मंत्र्याला विचारलेला प्रश्न खात्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला असा उतरत उतरत तुमच्या टेबलावर यायचा. तुम्ही साधे लिपिक, पण उत्तराचा पहिला मसुदा तुमचा. तेच वाक्य सह्या घेत घेत परत वर चढायचं आणि मंत्र्याच्या तोंडी जायचं. एक रविवार अगदी डोळ्यांसमोर आहे. आई तव्यावर बांगडे परतते आहे, मी ताटं मांडते आहे आणि कचेरीतला शिपाई दारात उभा. "भाऊसाहेब, साहेबांनी बोलावलंय. विहिरीचा प्रश्न आलाय, सांजच्याला उत्तर पायजे." आई चुलीपुढून वळलीसुद्धा नाही. म्हणाली, "विहीर आटून चार म्हयने झाले, तवा कोन आला नाय. नि उत्तर मातर आजच पायजे. बांगडे काय मंत्र्याला धाडू?" तुम्ही हसत पायात चपला सरकवल्या. "बघून येतो," म्हणालात. शिपाई वैतागला. "बघायचं काय त्यात? फाइल हाय ना." तुम्ही म्हणालात, "फाइलीत विहिरीला पाणी आहे."

गेलात एसटीने. त्या गावच्या विहिरीत दोरी सोडून पाहिलीत, परत येऊन लिहिलंत, आणि थंड बांगडे खाल्लेत. साहेबांनी तुमच्या मसुद्यातलं एक वाक्य खोडलं होतं, एवढं मला कळलं. ते वाक्य अंतिम उत्तरात पुन्हा कसं आलं ते तुम्ही कधीच सांगितलं नाहीत. आईने विचारलं तर म्हणायचात, "टाइप करताना चुकून राहिलं असेल."

मग मी रत्नागिरीला कॉलेजात गेले. राज्यशास्त्र घेतलं. राज्यघटनेवरची टिपणं काढली आणि मला सगळं समजलं आहे अशा समजुतीत सुट्टीला घरी आले. आपल्या बौद्धवाडीला नळ नव्हता. वरच्या वाडीपर्यंत आलेली पाइपलाइन तिथेच थांबली होती. मी आमदारांना द्यायला अर्ज लिहिला, चांगला अडीच पानी. त्यात "घोर अन्याय" होता, "पिढ्यान्‌पिढ्या" होतं, "अत्यंत दयनीय अवस्था" तर दोनदा होती. तुम्ही ओट्यावर बसून तो वाचलात. लाल पेन्सिल काढून एका शब्दाखाली रेघ मारलीत. "दयनीय म्हणजे किती पावलं?"

मला कळलं नाही.

"वरच्या वाडीतल्या नळापासून आपल्या शेवटच्या घरापर्यंत किती पावलं? मोजलीस?"

"त्यात मोजायचं काय? सगळ्यांना दिसतंय."

"मंत्रालयातून दिसत नाही. मोजून ये."

तेव्हा मी जे बोलले ते आईने ऐकलं आणि तिचा खोबरं खवणारा हात थांबला. मी म्हटलं होतं, "तुम्ही सरकारची उत्तरं लिहिता. विचारायचं कसं ते तुम्ही मला शिकवणार?" दुसऱ्या कुठल्या बापाने त्या बोलण्यावर हात उगारला असता. तुम्ही पेन्सिल खिशात ठेवलीत आणि शांतपणे म्हणालात, "उत्तरं लिहितो म्हणूनच सांगतो. एका प्रश्नात दोन गोष्टी घातल्यास की मला बरं पडतं. त्यातली एक जरी चुकीची निघाली, तरी सगळ्यालाच 'हे खरे नाही' लिहितो आणि घरी जेवायला येतो. एका ओळीत एकच गोष्ट विचार. मग मला लिहावंच लागतं."

मी रागारागाने गेले आणि पावलं मोजून आले. अडीच पानांचा अर्ज सहा ओळींचा झाला. नळाला त्यानंतरही दीड वर्ष लागलं, पण तो आला. मी कॉलेजला परत निघाले तेव्हा तुम्ही माझ्या पिशवीत एक गठ्ठा घातलात. प्रश्नोत्तरांच्या जुन्या छापील याद्या, फाइलीच्या नाडीने बांधलेल्या. कचेरीत रद्दीत जाणार होत्या. बरोबरीच्या मुलींना वडिलांनी घड्याळ दिलं, साडी दिली. मला हे. एसटी हातखंब्याच्या फाट्याला येईपर्यंत मी तुमच्यावर फुगून होते. मग गाडीतच पहिली यादी उघडली. "प्रश्न उद्भवत नाही," "माहिती गोळा करण्यात येत आहे," "हे अंशतः खरे आहे." तेव्हा कंटाळा आला. आज मी ते एखाद्या आवडीच्या पुस्तकासारखं वाचते.

आता आजचं सांगते. मी गेल्या वर्षी निवृत्त झाले. आमदार ही माझी विद्यार्थिनी, नववीत नागरिकशास्त्रात जेमतेम पास झालेली. निवडून आल्यावर घरी आली आणि म्हणाली, "बाई, मला भाषण येतं. प्रश्न लिहिता येत नाहीत. तुम्ही लिहून द्या, मी विचारते." तिचा स्वीय सहाय्यक माझे मसुदे घेऊन जातो. सुरुवातीला म्हणायचा, "बाई, जरा जोर येऊ दे. 'गोरगरीब जनता' टाका की कुठंतरी." मी त्याला विचारलं, "गोरगरीब जनतेचा हजेरीपट असतो का?" "नसतो." "मग राहू दे." हल्ली तो जोर मागत नाही. मसुदा घडी न घालता नेतो.

जयगडच्या अलीकडे खाडीकाठी एक गाव आहे. तिथे आरोग्य उपकेंद्राची इमारत बांधून उभी आहे, रंग दिलेला आहे, पाटी लावलेली आहे आणि दाराला कुलूप आहे. मी स्वतः जाऊन पाहिलं. व्हरांड्यात शेळ्या बसतात. बायका जमल्या. कुणी म्हणाली, "बाळंतपण म्हटलं की आमच्या पोटात आदी गोळा येतो, मगे कळा येतात." सगळ्या हसल्या. मला हसू आलं नाही. सगळ्यांनी एकच सांगितलं, "नर्सबाई नाय." मी घरी आले, चहासुद्धा न घेता टेबलाशी बसले आणि लिहिलं: "उपकेंद्राची इमारत पूर्ण होऊनही बंद असून तेथे आरोग्यसेविकेची नेमणूक करण्यात आलेली नाही, हे खरे आहे काय?" त्याखाली नेहमीचे दोन उपप्रश्न, "असल्यास, कारणे काय" आणि "असल्यास, कोणती कार्यवाही केली".

तुम्हाला आत्तापर्यंत दिसलंच असेल. दोन गोष्टी, एक ओळ. आणि त्यातली दुसरी चूक. नेमणूक झालेली होती. आरोग्यसेविकेचं नाव त्या गावच्या पदावर होतं, पण काम तिला दुसरीकडे, मोठ्या दवाखान्यात दिलं होतं. गावाला ती कधी दिसलीच नाही, म्हणून गावाने सांगितलं नर्सबाई नाही, आणि मी न विचारता, न तपासता लिहिलं की नेमणूक नाही. उत्तर आलं: "(१) हे खरे नाही. आरोग्यसेविकेची नेमणूक करण्यात आलेली आहे. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही." कुणा लिपिकाने ते लिहिलं आणि तो वेळेवर घरी जेवायला गेला. त्याचं काही चुकलं नाही.

आमदारांचा फोन आला. "बाई, धडधडीत खोटं बोलले." मी म्हटलं, "पुढच्या अधिवेशनात पुन्हा विचारू." एवढंच म्हटलं. तिने गावात सभा घेतली आणि खात्याने दिशाभूल केली असं सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पहिल्या रांगेत खुर्चीवर होते.

एकदा उत्तर आलं की पुढचं अधिवेशन येईपर्यंत थांबावं लागतं. त्या मधल्या महिन्यांत एका सकाळी त्या गावातल्या एका मच्छीमाराच्या सुनेला रिक्षातून रत्नागिरीला न्यायला निघाले. आरे-वारेच्या चढणीवर ती रिक्षातच बाळंत झाली. सासू बरोबर होती, तिने आपल्या साडीचा पदर आडवा धरला. रिक्षावाला रस्त्याच्या कडेला समुद्राकडे तोंड करून उभा राहिला. मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. हे ऐकल्यावर मी टेबलाशी बसले नाही. आधी गावात गेले, मग पुन्हा गेले, आणखी एकदा गेले. इमारत ताब्यात कधी दिली, पद मंजूर आहे का, नाव कुणाचं आहे, ती काम कुठे करते, हे सगळं ग्रामपंचायतीत बसून कागदावरून उतरवून घेतलं. सरपंच म्हणाले, "बाई, तुमी पोलिसात असायला हव्या होतात." मी त्यांना दुसरं रजिस्टर काढायला सांगितलं.

दुसरा प्रश्न असा होता. इमारत पूर्ण होऊन ताब्यात मिळाली, हे खरे आहे काय. तेथे आरोग्यसेविकेची नेमणूक आहे काय. नेमणूक झालेल्या आरोग्यसेविकेने गेल्या वर्षभरात या उपकेंद्रात किती दिवस काम केले. ती तेथे पूर्णवेळ कधीपासून काम करील. चार ओळी, प्रत्येक ओळीत एकच गोष्ट, आणि "असल्यास" कुठेही नाही, म्हणजे एक कोसळली तरी बाकीच्या उभ्या राहतील. सहाय्यकाने वाचलं आणि म्हणाला, "बाई, यात आरोप कुठाय?" मी म्हटलं, "तो उत्तरात येईल."

आला. "एकही दिवस नाही," हे सरकारने स्वतःच्या हाताने लिहिलं. आणि चौथ्याला लिहिलं की तिला मूळ जागी परत पाठवण्याचा आदेश काढण्यात आला आहे. बाबा, मी कुठल्या मोर्चात गेले नाही, कुठल्या साहेबासमोर आवाज चढवला नाही. एक कागद गेला आणि एक कागद आला. मला त्याचा अभिमान वाटतो, आणि तो लपवण्याइतकी मी नम्र नाही. गावातल्या लोकांनी नंतर सांगितलं की अधिवेशनाच्या आधी एक माणूस एसटीने आला होता. "कुलूप हातात धरून बगितलं, आत डोकावला, वहीत लिवलं. च्या देत होतो तर घेतली पन नाय." तुमच्यासारखा कुणीतरी अजून त्या टेबलांशी बसतो, हे कळलं तेव्हा मी दिवसभर खुशीत होते. शेजारणीने विचारलंसुद्धा, काय झालं म्हणून.

उपकेंद्र उघडलं. मला बोलावलं होतं. नर्सबाई तरुण आहे, तिने टेबल पुसून त्यावर नवं रजिस्टर ठेवलं होतं. पहिल्याच दिवशी मुलांच्या लसीकरणाला रांग लागली, आणि रांगेत ती सासू होती, नातीला कडेवर घेऊन. तिने माझा हात धरला तो सोडेचना. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ह्या बाईंनी केलं सगळं. पयल्या टायमाला ते खोटं बोलले नसते, तर माजी सून रस्त्यात मोकळी झाली नसती. व्हय ना ओ बाई?"

मी "हो" म्हटलं.

ते खोटं बोलले नव्हते, बाबा. त्यांनी माझ्या प्रश्नाला खरं उत्तर दिलं होतं. चूक माझी होती, आणि मुलाच्या वहीत तशी चूक दिसली असती तर मी पानभर लाल रेघा मारून ते पुन्हा लिहायला लावलं असतं. आमदारांना वाटतं खातं खोटं बोललं, गावाला तसंच वाटतं, आणि ते मी वाटू दिलं. तुम्ही असतात तर पहिला मसुदा बघूनच मला तो परत दिला असतात, आणि मी तुमच्यावर पुन्हा रागावले असते. तुम्हाला हे लिहिणं सोपं आहे, हे कुठे पाठवायचं नाही. हे जिला सांगायचं त्या सासूचं घर इथून तासाभराच्या अंतरावर आहे, सकाळची एसटी तिच्या दारावरून जाते. अजून गेलेले नाही.