पापण्या साफ आहेत

५ ऑगस्ट
कोल्हापुरात पहिला दिवस! राजारामपुरीतल्या डॉ. पद्मजा मॅडमच्या दवाखान्यात डोळे तपासण्याची नोकरी. आईने राधानगरीहून बांधून दिलेले लाडू मॅडमनी सगळ्यांना वाटून टाकले, मला एकच उरला. डोळा मोठा करून दाखवणारा स्लिट लॅम्प अगदी नवा आहे. खोलीजवळच्या खानावळीत तांबडा रस्सा प्यायले आणि नाकाडोळ्यांतून पाणी आलं.

९ ऑगस्ट
आज मी भाव खाल्ला. हातकणंगल्याचे गणपतराव, तीन महिने पापण्या खाजतायत. दुसरीकडे कोंडा म्हणून थेंब दिले होते. स्लिट लॅम्पखाली पाहिलं तर पापणीच्या केसांना लिखा चिकटलेल्या आणि मुळाशी काचेसारखी ऊ. कोंडा कधी पाय हलवतो का? मॅडमनीही पाहिलं, शाबासकी दिली. हातमोजे संपले होते, दोघींनी तशाच चिमट्याने काढल्या. एक कागदावर ठेवून गणपतरावांना दाखवली. त्यांना काही दिसेना. मोतीबिंदू असेल म्हणून मी हसले. पापण्यांना जाड व्हॅसलीन लावायला सांगितलं.

१४ ऑगस्ट
माझ्या पापण्या खाजतायत. मॅडमनी तपासून साफ आहेत म्हणून सांगितलं. त्याही डोळे चोळत होत्या. मी त्यांचे पाहिले, तेही साफ. हायसं वाटलं.

१९ ऑगस्ट
गणपतराव परत आले, डोळे सुजलेले. सोबत कालच माहेराहून आलेली सून राजनंदिनी. मी पाहिलं, मॅडमनी पाहिलं, एकही ऊ नाही. सुनेने पुडी उलगडली. सकाळी सतरा काढल्या म्हणाली. "ही बघा की बाई, चालाय लागलीया!"
कागद कोरा होता. मॅडमनी तिला जरा रागावूनच बाहेर काढलं. जाताना ती माझ्या डोळ्यांकडे बघत मागे सरली. मग मॅडमच्या डोळ्यांकडे बघून सासऱ्याचा हात धरून पळालीच.

२१ ऑगस्ट
आता समजलं. ज्याच्या पापण्यांत त्या शिरतात, त्याला त्या दिसेनाशा होतात. मॅडमना सांगितलं, तर मला रजा घे म्हणाल्या. बोलताना त्यांचा डोळा चोळून चोळून लाल झाला होता. मी स्वतः डोळे तपासणारी, आणि माझे डोळे दाखवू कुणाला?

२३ ऑगस्ट
नवीन मुलगी लागली, अदिती. तिला हातमोजे घालायला लावून माझे डोळे बघायला बसवलं. बघून किंचाळली. केस दिसतच नाहीत, नुसत्या त्याच आहेत म्हणाली. तासभर काढत होती. प्रत्येक ओढ मला कळली. कागद मला कोराच दिसला. तरी रडू आलं, बरं वाटून. कुणाला तरी दिसतंय.

२५ ऑगस्ट
काढल्या की दुप्पट होतात, अदिती म्हणते. शहरात तीन डॉक्टर झाले, तिघांनीही साफ म्हणून परत पाठवलं. तिघेही डोळे चोळत होते. अदितीच्या पाया पडले, सोडून जाऊ नकोस. माझं तिच्याशिवाय कुणी नाही.

२७ ऑगस्ट
अदिती सकाळपासून डोळा चोळतेय. विचारायची हिंमत —

२८ ऑगस्ट
तिने बघितलं. हसली. "ताई, एकबी न्हाय आता. साफ हाय की."
चिमटा तिच्या हातात कोंबला. काढ म्हटलं. काय काढू म्हणाली —
खाज आता पापणीला नाही. आत आहे. बुबुळावर काहीतरी चाल —
डोळा मिटेना. कुणीतरी बघा, कुणीतरी नवीन —