वरचा ठिपका

सोमवार, ५ डिसेंबर १९८८

आलेख परत आले! परदेशच्या मासिकाने लेख ठेवून घेतला म्हणे, चित्रं मात्र साभार परत. वैरागडे सरांनी पाकीट माझ्या टेबलावर आपटलं. 'शामलाबाई, हे काय कापडदुकानाच्या विक्रीचं चित्र आहे? त्यांना शास्त्रीय आलेख पाहिजेत!' जणू ते खांब मी हौसेनं उभे केले होते. आमच्या रक्तसंशोधन खात्यात कॉम्प्युटर एक, त्यावर हिशेबाचा प्रोग्राम एक. त्याला खांब येतात आणि कापलेली पोळी येते. तिसरं काही मागितलं की गप्प बसतो.

तर आता खास आलेखांचा प्रोग्राम घ्यायचा. खात्यात आकडेमोडवाली मी एकटी, म्हणून निवड माझी. म्हणजे बिघडलं तर बोलणीही मीच खायची. शुक्रवारी सोळा तारखेला मागणी वर गेलीच पाहिजे. बर्डी बाजारातला विक्रेता दोन प्रोग्रामांच्या फ्लॉप्या वापरून बघायला ठेवून गेलाय.

मंगळवार, ६ डिसेंबर

सासूबाई पांढरं पातळ नेसून सकाळीच विहारात गेल्या. यमुताईंना जाता आलं नाही. दोन दिवस थंडी पडली काय, लगेच त्यांची हाडं धरली. शरदची ही मोठी बहीण, छत्तीस वर्षांची. पण दुखणं उठलं की गुडघे पोटाशी घेऊन पडून राहते. सिकल सेल. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांत अडकतात. मी दिवसभर खात्यात त्याच रोगाचे आकडे जुळवते आणि घरी येऊन त्यालाच शेक देते! 'पिशवी जरा वरतं सरकव वं शामला,' म्हणाल्या, 'तिथं कोनी खिळे ठोकून राहिलं.' आणि हसल्या. मला हसू आलं नाही.

शरदच्या रक्तात हा दोष अर्धा आहे. तो वाहक. त्याला स्वतःला काही होत नाही. बायकोही वाहक निघाली तर मात्र चारांतल्या एका मुलाला पुरता रोग. हे गणित मला झोपेतही येतं.

पण मी नॉर्मल आहे! मार्चमध्ये खात्यानं तुलनेसाठी वीस निरोगी माणसांचं रक्त घेतलं, त्यात मी होते. सुई टोचली आणि चक्कर येऊन पडले. अजून चिडवतात सगळे. चिडवोत. नॉर्मलचा खांब जमिनीला टेकलेला मी स्वतः काढला, शरदला दाखवला, आणि त्याच भरवशावर आम्ही मूल होऊ द्यायचं ठरवलं. आता चौथा महिना.

बुधवार, ७ डिसेंबर

चपला दाराबाहेर काढून कॉम्प्युटरच्या गार खोलीत दिवसभर. विधानसभेच्या अधिवेशनासाठी रस्ते अडवलेले, त्यामुळे अर्धं खातं उशिरा आलं. बरंच झालं, मशीन मला एकटीला मिळालं.

पहिला प्रोग्राम म्हणजे नटलेली नवरी. खांबांना सावल्या, नक्षी, सोळा प्रकारची अक्षरं. आकडे दिले की एका मिनिटात सजून पुढे उभी. आत मात्र तीच सरासरी आणि तेच खांब. सर दारातून डोकावले. 'वा! हेच घ्या.'

दुसरा उद्या बघते. बघायचा म्हणून.

गुरुवार, ८ डिसेंबर

अक्षर वेडंवाकडं येतंय.

दुसरा प्रोग्राम म्हणजे मास्तरीण. रूप नाही, नक्षी नाही. पण खांब काढण्याआधी विचारते — सरासरी दाखवू की प्रत्येक नमुना? मी सहज म्हटलं, प्रत्येक. मग तिनं एकेकाची हजेरी घेतली. रुग्ण वर, दोषी रक्ताचं प्रमाण शेकडा ऐंशीच्या आसपास. वाहक मध्ये, चाळिशीच्या आतबाहेर. नॉर्मल तळाला, शून्यावर, दाटीवाटीनं.

एक सोडून!

नॉर्मलच्या रांगेत एक ठिपका वर आहे. अडतीस. वाहकांच्या अगदी शेजारी. पुसून पुन्हा काढला. तिथंच. तिसऱ्यांदा काढला. तिथंच.

खांबात काय दिसत होतं? नॉर्मलचा खांब जेमतेम दोनाचा. सर म्हणाले होते, तेवढं मशीनचं इकडेतिकडे होतंच. ते दोन म्हणजे हा अडतीस — वीस जणांत वाटून टाकलेला! आमच्या विसांत एक वाहक आहे आणि आम्ही त्याला नॉर्मल म्हणून छापायला निघालो.

कागद घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवला. कुणाला बोलले नाही.

शुक्रवार, ९ डिसेंबर

कोण?

हे कुणाच्या लक्षात आलं नाही त्याला कारण आहे. लहानू, आमचा तंत्रज्ञ, नळ्यांवर नुसते नंबर घालतो, म्हणजे मोजताना कळू नये कोण रुग्ण आणि कोण नॉर्मल. सरांनी नंतर गट लावले, मी सरासरी काढली. एकेक आकडा कुणी वाचलाच नाही. मीही नाही! आणि नॉर्मलांची नावं तर ठेवलीच नाहीत. कशाला ठेवायची? ते आपलेच. आधी तपासून घ्यावं, असं कुणाच्या मनातही आलं नाही. सरांनी खात्यातल्या लोकांची आडनावं बघितली आणि म्हणाले, 'यांच्यात कुठे असतं ते! चालतील.' आडनावावरून रक्त ओळखलं!

माझंही आडनाव त्यांनी माहेरचंच धरलं होतं.

विसांत एक. घाबरायला एवढंही पुष्कळ आहे.

शनिवार, १० डिसेंबर

जेवण गेलं नाही. शरदला सांगितलं, पित्त झालंय.

रविवार, ११ डिसेंबर

महाल भागात आईकडे गेले. शरदशी लग्न केलं म्हणून दोन वर्षं दार बंद होतं, आता पोटातल्या बाळामुळे उघडलंय. आईनं डिंकाचे लाडू दिले. मी आडून आडून विचारलं, आपल्या घरात कुणाची हाडं दुखायची का गं लहानपणापासून? आई एकदम फणकारली. 'आपल्यात नसतं असलं काही! तिकडचं दुखणं इकडे शोधू नको.' मग हळूच म्हणाली, 'तुझ्या आजोबांचा एक भाऊ गेला होता लहानपणी. पाय दुखून दुखून. पण तो वाताचा झटका होता.'

लाडू हातातच राहिला.

सोमवार, १२ डिसेंबर

मागणीचा कागद टाइप केला. नवरी घ्यावी म्हणून.

लिहूनच टाकते, इथं खोटं कुणाशी बोलायचं? मास्तरीण घेतली तर हा ठिपका सगळ्यांपुढे येणार. मग वीसही जणांचं रक्त पुन्हा तपासणार, माझंही. नवरी घेतली तर ती सगळं सावलीत झाकून घेते. लेख छापून येईल, मी नॉर्मल राहीन. लहानूला सांगितलं तर तो दोन दिवसांत माझं रक्त तपासून देईल. पण मला कळायला नको आहे! पाच महिने कळलं नाही तर पाच महिने तरी झोप लागेल. कळलं तर काय करायचं? ह्या महिन्यात? कुणाला विचारायचं? मी भित्री आहे आणि मला भित्रीच राहायचं आहे.

कागद अजून सरांकडे दिला नाही. पर्समध्ये आहे.

मंगळवार, १३ डिसेंबर

सकाळी यमुताई उन्हात बसल्या होत्या, संत्री सोलत. पाय जरा बरे. मला म्हणाल्या, 'काहून अशी गप गप राहून राहिली? पोराचं काही आहे का?' नाही म्हटलं. मग राहवलं नाही. विचारलं, ताई, तुम्हाला रोगाचं नाव कळलंच नसतं तर बरं झालं असतं का?

त्यांनी फोडीवरची शीर काढली, फोड माझ्या हातावर ठेवली. 'लहानपनी मले किती मार पडला मालूम आहे का तुले? बाबा म्हनत, पोरगी काम टाळून राहिली. मास्तर म्हने, सोंग करते. मी बी म्हनो, आपलंच काही चुकून राहिलं असन. मंग दवाखान्यात रक्त पाह्यलं, नाव सांगतलं. दुखनं काही थांबलं नाही वं. मार थांबला.'

आणि पुढचं संत्रं घेतलं. मी तोंड फिरवून रडले. त्यांनी बघितलं असणार.

बुधवार, १४ डिसेंबर

नवरीची मागणी फाडली. मास्तरणीची केली आणि सोबत आलेख जोडून सरांपुढे ठेवला.

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ठिपक्यावर बोट ठेवलं. 'कोण हा?' नावं नाहीत सर, म्हटलं. वाटलं आता ओरडतील, म्हणतील खोडून टाका, मशीनची चूक. पण त्यांनी मागणीवर सही केली आणि दारातून हाक मारली. 'लहानू! नॉर्मलवाल्यांचं सगळ्यांचं रक्त पुन्हा घ्यायचं. सुरुवात माझ्यापासून!' सर पुढे झाले की बाकीचे नाही म्हणत नाहीत, म्हणून असणार. मनात आलं, माणूस रागीट आहे पण मोठा आहे.

मी लहानूला सांगितलं, मला शेवटी घे. 'पडसान म्हनून का म्याडम?' म्हणाला. हो म्हटलं, त्याच्यासाठीच.

गुरुवार, १५ डिसेंबर

आज सर आणि आणखी तिघं. माझी पाळी शनिवारी.

शनिवार, १७ डिसेंबर

सापडला! वरचा ठिपका म्हणजे सर!

लहानूनं रक्ततपासणीची पट्टी टेबलावर ठेवली आणि बाजूला झाला. निरोगी रक्ताची रेघ एक येते, सरांच्या दोन. सर उभे होते ते खुर्चीत बसले. 'यांच्यात कुठे असतं' म्हणणारा माणूस! पण मला चिडवावंसं वाटलं नाही. जरा वेळानं म्हणाले, 'दोन नळ्या वेगळ्या ठेव रे. आमची पुष्पलता... मेमध्ये लग्न केलं तिचं. जावयाचंही बघावं लागेल.' आवाज निराळाच होता.

मग माझ्याकडे बघून म्हणाले, 'बाकीच्यांना आता सुई नको. वर एकच होता, तो सापडला.'

मी बाथरूममध्ये जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले. सरांचं वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण त्याच्या आधी आनंद झाला, हेही खरं.

रविवार, १८ डिसेंबर

शरदला सगळं सांगितलं. 'येवढे दिवस एकटीच घाबरून राहिली? मले सांगाचं ना वं!' रागावला, मग वर्गात पोरं पहिली आल्यावर हसतो तसा हसला. शाळामास्तरच तो. आईचे उरलेले लाडू सगळ्यांनी मिळून संपवले. सासूबाईंनी बाळासाठी जुन्या लुगड्याची गोधडी शिवायला काढली. यमुताई म्हणाल्या, 'पोरगी झाली तं नाव मी ठेवीन.' ठेवा म्हटलं, तुम्हीच ठेवा!

भूक लागते आहे. दोनदा जेवले.

सोमवार, १९ डिसेंबर

मासिकाला पाठवायचा आलेख मास्तरणीकडून काढत होते. खाली ओळ टाइप केली — नॉर्मल गट : खात्यातले वीस कर्मचारी. आणि बोटं थांबली. सर त्या विसांत नव्हतेच! मार्चमध्ये मी पडले तेव्हा ते शेजारी उभे राहून हसत होते. मग त्यांचं रक्त तिथं आलं कसं?

लहानूला विचारलं. तो चपलेकडे बघायला लागला.

'तुमची नळी गोठून गेलती म्याडम. तुमी पडल्यावर तुमालेच पाहत राहिलो, नळी हलवाची राह्यली. तुमाले पुन्हा टोचाले कोनाची हिंमत? सर म्हनले, राहू दे, तिच्या जागी माही घे.'

म्हणजे एकोणीस, आणि सर. हजेरीत मी नव्हतेच. माझं रक्त आजपर्यंत कुणी तपासलेलंच नाही.

स्टुलावर बसले. बाही वर केली. म्हटलं, लहानू, मी पडले तरी माझ्याकडे बघू नकोस. नळी हलव.