शेवटच्या पानावरची उत्तरं

धुळे,
एप्रिल १९९३

प्रिय पितांबर,

'प्रिय' लिहिताना हात अडखळला नाही, याचं माझं मलाच नवल वाटलं. सवयीचा परिणाम असणार. नाहीतर गेल्या सहा वर्षांत मी तुझ्यासाठी जी जी विशेषणं वापरली, ती पोस्टाने पाठवण्यासारखी नाहीत. मी बरी आहे. आई पिंपळनेरलाच असते. गुडघे दुखतात म्हणून दिवसभर बसून असते, पण तुझं नाव निघालं की ताडकन उभी राहते. एवढा गुण कुठल्या औषधाने आला नाही, म्हणून मी अधूनमधून मुद्दाम तुझा विषय काढते.

जळगावची आपली ती तेलाच्या दुकानावरची खोली तुला आठवते का? मला रोज आठवते. जिना चढून येईपर्यंत पोरांच्या कपड्यांना शेंगदाणा तेलाचा वास लागायचा. खाली पाटी होती, 'पितांबर सरांचे इंग्लिश'. शिकवायचे मी आणि पाटीवर तू! धुरपदा नावाच्या बाईकडे इंग्रजी शिकायला कोण येईल, असं तू म्हणालास आणि मी हसले. तेव्हा आपलं लग्न ठरल्यातच जमा होतं, तुझ्या पहूरच्या घरी मला सून म्हणून वाढलेलं ताट मी जेवून आले होते. मग पाटी तुझी काय अन् माझी काय, असं वाटायचं. बायका अशा वेळी फार उदार होतात.

मी काय शिकवायचे ते तू कधी पाहिलं नाहीस, म्हणून आज सांगते. आपल्या पोरांना वाटायचं, लांबलचक लिहिलं की झालं पूर्ण वाक्य. म्हणून मी फळ्यावर लिहायचे, 'आफ्टर द ओल्ड मॅन फ्रॉम एरंडोल सोल्ड ऑल हिज कॉटन इन द मार्केट'. एरंडोलच्या म्हाताऱ्याने बाजारात आपला सगळा कापूस विकल्यावर. पोरं म्हणायची, मॅडम, एवढं मोठं आहे, पूर्णच असणार. मग मी एकाला दारात उभं करायचे आणि सांगायचे, हे घरी जाऊन तुझ्या आजीला सांग आणि गप्प बस. आजी काय विचारेल? सगळी पोरं एका सुरात ओरडायची, "मंग काय व्हयनं?" झालं तर! जिथे आजी 'मंग काय व्हयनं', पुढे काय झालं, असं विचारते, ते वाक्य अर्धं. आणि 'ही स्लेप्ट', तो झोपला, इतकं इवलंसं असूनही पूर्ण, कारण त्यावर आजी फक्त झोपू दे म्हणेल. इंग्रजीच्या पुस्तकात हे दोन पानं भरून लिहिलेलं असतं. माझ्या पोरांना ते आजीमुळे कळलं.

पण खरी अडचण वेगळीच होती. आपल्याकडची पोरं छापलेल्या अक्षराला देव मानतात. मास्तर चुकेल, बाप चुकेल, पण छापलेलं चुकणार नाही. म्हणून मी सरावाचे कागद छापून घ्यायचे आणि शेवटच्या पानावर उत्तरं द्यायचे, त्यातली निम्मी मुद्दाम चुकीची. अर्ध्या वाक्याला पूर्ण म्हणायचं, पूर्ण वाक्याला अर्धं. जो पोरगा मागचं पान बघून घडाघडा उत्तरं सांगेल त्याला मी मागे बसवायचे. जो उभा राहून म्हणेल, "मॅडम, हाई चुकीचं शे", आणि का चुकीचं ते पटवून देईल, तो पहिल्या रांगेत. भटू नावाचा एक लाजाळू मुलगा होता, भादलीचा. कधी तोंड उघडायचा नाही. तो एकदा माझ्याशी असा भांडला की घाम फुटला त्याला, आणि जिंकला. त्या दिवशी मला वाटलं, आपण काहीतरी खरं काम करतोय. तू तेव्हा खाली पालकांना चहा पाजत होतास. तू नेहमी खालीच असायचास, वर्गात पाच मिनिटंसुद्धा बसला नाहीस.

मग तो वैशाख आला. मी आईला बघायला पिंपळनेरला गेले, परत आले तर खोलीला नवं कुलूप आणि माझी कागदांची ट्रंक नाहीशी. तुझ्या लग्नाची पत्रिका तेलाच्या दुकानदाराने दिली मला, तीही खाली मान घालून. मुलगी कुणाची, तिच्या वडिलांचं वजन किती, ते सगळं मला नंतर कळलं. त्याचं दुःख झालं, खूप झालं, खोटं कशाला सांगू. पण माणूस ते दुःख गिळतो. मला गिळता आलं नाही ते दुसरंच. लोकांनी विचारलं, वर्गात शिकवायच्या त्या बाई कुठे गेल्या, तर तू म्हणालास, "त्या होत्या मदतीला." मदतीला! माझ्या आजीला, एरंडोलच्या म्हाताऱ्याला, माझ्या सगळ्या वाक्यांना तू ट्रंकेसकट उचलून नेलंस आणि मी मदतीला होते. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, पण नागोबासुद्धा बीळ मीच खणलं असं सांगत फिरत नाही.

दोन वर्षांपूर्वी धुळ्याच्या बसस्टँडवर गफूरभाईंच्या स्टॉलवर तुझं पुस्तक दिसलं. कव्हरवर तुझा फोटो, टाय लावलेला. उघडलं तर पहिल्याच पानावर माझा एरंडोलचा म्हातारा कापूस विकत होता. डोळ्यांत पाणी आलं रागाने. मग शेवटचं पान उघडलं, आणि पितांबर, मी तिथे उभ्या उभ्या इतकी हसले की गफूरभाई म्हणाले, "बाई, किताब लेनी है के खाली हसना है?" माझी उत्तरं होती ती. निम्मी चुकीची, जशीच्या तशी, एकही न बदलता. तूही छापलेल्याला देव मानणाराच निघालास! खाली 'खात्रीशीर उत्तरे' असंसुद्धा छापून टाकलंस.

मी तुला कळवलं नाही. का कळवावं? पोरांचं काय, असं तू मनात म्हणशील. पोरांची काळजी मी केली. इथे धुळ्यात मी पुन्हा शिकवायला लागले होते; परीक्षेत दांडी उडालेली पोरं ते पुस्तक घेऊन माझ्या दारात यायची, आणि मी एकालाही परत पाठवलं नाही. तुझ्या पुस्तकानेच माझा वर्ग भरला. आता दारावर पाटी आहे, तिच्यावर 'धुरपदाबाई' लिहिलंय, आणि कोणी हसत नाही.

काल तुझे प्रकाशक कौतिकभाऊ येऊन गेले. शाळांनी गठ्ठे परत पाठवले, तुला सासरच्यांसमोर तोंड दाखवता येईना, शाळा उघडायच्या आत नवी आवृत्ती काढायची आहे, आणि जुन्या मैत्रीखातर मी तेवढी बरोबर उत्तरं लिहून द्यावीत, हा तुझा निरोप त्यांनी सांगितला. म्हणून हे पत्र. उत्तरं मी देईन, पण लिहून नाही. रविवारी सकाळी आठला माझ्या सुट्टीतल्या वर्गात ये. चटईवर मुलांमध्ये बसायचं, खुर्ची एकच आहे. मी तुझ्या पुस्तकातलं एकेक वाक्य फळ्यावर लिहीन. तू उभं राहून सांगायचं, ते पूर्ण की अर्धं, आणि का. जेवढी पटवून देशील तेवढी उत्तरं तुझी. बाकीची पुढच्या रविवारी. यायचं नसेल तर पुस्तक आहे तसंच छाप, माझी काही हरकत नाही. पण शक्यतो ये. लेखक स्वतः येणार म्हणून मी मुलांना सांगून ठेवलंय, आणि सगळ्यांनी आपापली प्रत आणायचं कबूल केलंय.

एवढ्या एका पत्रापुरती तुझीच,
धुरपदा