काठावरच्या निळ्या चपला

१० नोव्हेंबर, सोमवार. येलदरी

पोचले एकदाची! जिंतूरपासून पुढच्या रस्त्याने कंबरडं मोडलं, पण धरणाचं पाणी दिसलं आणि सगळा शीण उतरला. काठोकाठ भरलंय. आणि त्यात आमची बाईसाहेब उभी: चौतीस फुटांची, पांढरी, शिडाची बोट. ट्रेलरवरून येताना पिंगळीच्या फाटकापाशी लोकांनी तिला विमान समजून फोटो काढले म्हणे!

पर्यटकांना बसवण्याआधी हिची बांधणी आणि चाल तपासून अहवाल द्यायचा, एवढंच माझं काम. वाऱ्यात कशी पळते, कशी वळते, आडवी पाडली तर आपली आपण उठते की नाही. याच नमुन्याची पहिली बोट दोन वर्षांपूर्वी कोकणात मीच तपासली होती. या कामाच्या पत्रात परभणी जिल्हा वाचला आणि सही दोन दिवस टाळली. असो.

मदतीला बन्सीधर आहेत, इथले जुने मच्छीमार. सगळे त्यांना बन्सीकाका म्हणतात. त्यांच्या बायको कडूबाई माझा डबा करणार. आजच्या ठेच्याने डोळ्यांतून पाणी काढलं. मावशी म्हणाल्या, ताई, उद्यापासून कमी तिखट करते. मी म्हटलं, खबरदार!

११ नोव्हेंबर, मंगळवार

दुपारी मस्त वारा सुटला. शीड भरलं आणि पोरगी सुसाट निघाली. वेग साडेपाच नॉट. वाऱ्याच्या तोंडाकडे पंचेचाळीस अंशांपर्यंत जाते, वळते झटकन. खोड एकच: वारा वाढला की सुकाणू हात ओढून काढतं. चालायचंच, नखरे प्रत्येकीचे असतात.

इथली एक रीत लिहून ठेवते. होडीत चढणारा प्रत्येक जण आपल्या चपला काठावर काढतो, परतल्यावर घालतो. काठावर जोड उरला म्हणजे माणूस अजून पाण्यावर. एकही उरला नाही म्हणजे होडी रिकामी. मग बिनधास्त कुलूप लावा. हजेरी नाही, हाका नाही. बन्सीकाका नुसते चपलांकडे बघतात.

मलाही बूट काढायला सांगितले. देवळात चाललेय का मी, म्हणून मी चढले तशीच. बन्सीकाकांना ते आवडलं नाही. ही रीत मी आधी एकीच्या तोंडून ऐकली होती. तिने हसत हसत सांगितली होती. जाऊ दे ते.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज झुकाव मोजला. आडत दुकानाच्या काट्यावर सगळ्यांना तोलून घेतलं. ट्रॅक्टरवाला मुंजाजी नव्वद भरला, तर बन्सीकाकांनी त्याला सोयाबीनचा कट्टा म्हटलं! मग माणसं एका कडेकडून दुसऱ्या कडेला बसवायची, ओळंब्याने बोट किती कलली ते बघायचं. शाळकरी गणित.

गणित जुळेना. आत पन्नासेक किलो जादा असल्यासारखी कलतेय, केबिनच्या पुढच्या कोपऱ्यात. तीनदा मोजलं. केबिन दोनदा उघडून पाहिली. रिकामी होती.

संध्याकाळी सगळे उतरले, चपला घालून निघाले आणि काठावर एक जोड उरला. निळ्या रबरी चपला, बाईच्या. डाव्या पट्ट्याला सेफ्टी पिन. बन्सीकाका जागचे हलेनात. म्हणाले, कोनतरी आत हाय, ताई, कुलूप लावायचं न्हाई. तासभर शोधाशोध झाली. कुणी नाही.

मी म्हटलं, वाहत आल्या असतील.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

जेवण गेलं नाही. ती सेफ्टी पिन मी ओळखते.

कडूमावशींनी डबा तसाच पाहिला आणि जवळ बसल्या. आपणहून सांगायला लागल्या. त्यांची मुलगी सविता नवऱ्यामागे कोकणात गेली होती, बोटींच्या साफसफाईच्या कामावर. दोन वर्षांमागं बोटीत बुडून गेली. कचेरीचा कागद आला की ती कुणाला न विचारता बोटीत शिरली होती. मावशी म्हणाल्या, माझं लेकरू असं करनारं न्हवतं. पुढं म्हणाल्या, तिच्या चपला तेवढ्या घरी आल्या असत्या तर बरं झालं असतं, ताई. काठावर ठेवल्याबिगर ती चढायची न्हाई. त्या घरी आल्याबिगर ती घरी आली असं वाटत न्हाई.

मी मान हलवली. बाई, तू काय माणूस आहेस की कोण! मान हलवली फक्त.

तो कागद माझ्या अहवालावरून लिहिला होता.

संध्याकाळी जोड पुन्हा काठावर. कुणी बघायच्या आत उचलला आणि पाण्यात लांब फेकला.

दुसऱ्यांदा.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

लिहून टाकते. कुठेतरी लिहायलाच हवं.

दोन वर्षांपूर्वी, कोकणात, त्या पहिल्या बोटीची आडवी चाचणी होती. डोलकाठीच्या टोकाला दोर बांधून ती पाण्याला टेकेपर्यंत बोट ओढायची, दहा मिनिटं तशीच धरायची, सोडायची. आत कुणी नको, दार बाहेरून बंद. मीच कडी घातली. नावं घेऊन हाका मारायच्या असतात, मारल्या नाहीत. उन्हाने वैतागले होते. धक्क्यावर सविताच्या निळ्या चपला दिसल्या होत्या. दिसल्या होत्या मला! तिची रीतही ठाऊक होती. वाटलं, विसरली असेल.

बोट आडवी झाल्यावर आतून ठोकल्याचा आवाज आला. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला. मी वहीत लिहिलं: आत सुटी वस्तू आदळत आहे. सहाव्या मिनिटाला मला कळलं होतं. तरी मी घड्याळ बघत उभी राहिले. सोडा म्हणाले असते तर सगळ्यांना कळलं असतं की मला माहीत होतं. खिडकीचं रबर गळकं होतं. तेही मी तपासलं नव्हतं.

नंतर चपला समुद्रात फेकल्या. कुणी विचारू नये म्हणून.

आज जोड पुन्हा काठावर. ओला. या वेळी हात लावायची हिंमत झाली नाही. बन्सीकाका त्या पिनेकडे कितीतरी वेळ बघत होते.

उद्या आडवी चाचणी. ती झाली की मावशींना सगळं सांगणार. नक्की. चाचणी झाली की.

१५ नोव्हेंबर, शनिवार. सकाळ

काठावर निळ्या चपला नाहीत! कुठेच नाहीत. हायसं वाटलं आणि त्याचीच लाज वाटली.

आज बूट काढून ठेवले, रीतसर, शेजारी नारिंगी जाकीट आणि टोपी. बन्सीकाकांनी मान डोलावली. मावशीही आल्यात काठावर. त्यांच्याकडे बघवलं नाही. आताच सांगावं का— नको, नंतर.

दोर बांधून झाला, ट्रॅक्टर तयार. खिडकीचं रबर तेवढं स्वतः बघून येते. या खेपेला बघणारच. वही बरोबर घेतेय.

शनिवार. अकरा वाजून गेलेत

रबर फाटलंय. बोटभर.

वळले तेवढ्यात दार लागलं. कडी बाहेरून. हाक मारली, कुणी— ट्रॅक्टर सुरू झालाय, ऐकू जात नसणार—

गोल खिडकीतून काठ दिसतोय. बन्सीकाका जमिनीकडे बघतायत. एकही जोड उरलेला नाही. माझे बूट कुठे आहेत

कुणीतरी घातलेत. माझे बूट, माझं जाकीट, माझी टोपी. पाठमोरी उभी. ठिबकतेय. सगळे तिलाच मी समजतायत. मुंजाजी तिच्या इशाऱ्याची वाट बघतोय—

मावशी तिच्यासमोर उभ्या आहेत. त्यांना तोंड दिसतंय. मावशींनी तिचे दोन्ही हात धरलेत. रडतायत. हसतायत.

हात वर केला तिने.

कलतेय. मी ठोकतेय. दोन्ही हातांनी— मावशी, मी सांगणार होते, खरंच आजच—

मुंजाजीने वळून पाहिलं! आवाज गेला. तिला काहीतरी विचारतोय. ती मान हलवतेय. काय सांगतेय मला माहीत आहे. सुटी वस्तू आद

पाणी. रबरातून. सहा मिनिटं झा—