एकाच जागेचं पत्र

९ मे २००५, सोमवार

तीन आले! एकशे चाळीस अर्जांना तीन इंटरव्ह्यू. एक पाकीट तर पिझ्झाच्या जाहिरातींबरोबर केरात गेलंच होतं.

बर्मिंगहॅम — २६ मे, चार जागा. हाउन्सलोजवळचं — १ जून, तीन जागा. तिसरं पार वर कंब्रियात, समुद्राकाठच्या कुठल्याशा गावात — १६ जून, जागा एक. इथून, ब्रॅकनेलच्या घरापासून, सात तास.

परीक्षितला फोन केला. हाउन्सलोच्या एका घरात तो धरून सहा भारतीय डॉक्टर राहतात. सगळे इथली परीक्षा पास, सगळे बेकार. त्यामुळे इंटरव्ह्यूचं शास्त्र त्याला तोंडपाठ. "सर, एकच जागा असेल तर जायचंच नाही. आतला माणूस ठरलेला असतो. आपण नुसते शोभेला." पटलं. शिवाय सुहासिनीची नोकरी इथे, अन्वीची शाळा इथे. तिसरं पत्र टेकअवेच्या मेनूकार्डांखाली सारलं.

लातूरला नऊ वर्षं लोकांना भूल दिली. आता अडतिसाव्या वर्षी पोराटोरांच्या रांगेत.

१२ मे, गुरुवार

पत्रं परत वाचली. तिन्हींत एक ओळ आहे — इंटरव्ह्यूआधी 'इनफॉर्मल व्हिजिट'ला जरूर या, अमुक डॉक्टरांना फोन करा. म्हणजे साहेबांना आधी भेटा, ओळख काढा! सरळसरळ वशिला, फक्त छापील! सर्जरीची माझी सीट ब्याण्णव साली कुणाच्या तरी मामाच्या एका फोनवर गेली. म्हणून मी भूल देतो. तेव्हाच ठरवलं, असल्या कामासाठी कुणाच्या दारात उभं राहायचं नाही.

सुहासिनी म्हणाली, "वशिला कसला त्यात? मुलगी बघायला जातात ना, तसं आहे ते. तू मला बघायला तीनदा आला होतास."

"ते वेगळं."

"तीनदा! पोहे किती खाल्लेस आठव."

हसलो नाही. आता लिहिताना हसू येतंय.

१७ मे

लातूरहून यतीनचा फोन. हॉस्पिटलमधली माझी जागा तीस जूनपर्यंत धरून ठेवतो म्हणाला, पुढे नाही. बरोबर आहे त्याचं. तोवर इथे काही झालं नाही तर मी एकटा परत जाणार. सुहासिनीला सांगितलं. 'बरं' म्हणाली. नुसतं 'बरं'!

२६ मे, गुरुवार

बर्मिंगहॅम. समोर तिघं. पहिलाच प्रश्न — आमचं डिपार्टमेंट पाहिलंत का? मी ताठ मानेनं सांगितलं, "नो सर. आय कम ओन्ली ऑन मेरिट." मधल्या बाई एकदम कागद चाळायला लागल्या. पुढचं सगळं नीट झालं. औषधं, डोस, अवघड केसेस — एकही उत्तर चुकलं नाही.

संध्याकाळी फोन. सॉरी. का, असं विचारलं, तर म्हणे, तुम्हाला आमच्याकडे यायची फारशी इच्छा दिसली नाही. इच्छा! पहाटे साडेचारला उठून गेलो होतो!

अन्वी म्हणाली, "बाबा, तुझी इंटरव्ह्यू चांगला झाला?" मी म्हटलं, तुझ्या मराठीसारखाच झाला.

३० मे, सोमवार

शाळेला हाफ-टर्मची सुट्टी. सुहासिनी उद्या अन्वीला घेऊन मँचेस्टरला जाणार, मीनाक्षीकडे, दोन दिवस. कॉलेजातली मैत्रीण. परवा माझा इंटरव्ह्यू आणि हिला आत्ताच मैत्रीण आठवली. जाऊ दे, घर शांत राहील.

१ जून, बुधवार

इथेही तोच प्रश्न! या वेळी शहाणपणा केला. हो, पाहिलं म्हणालो. "व्हॉट डिड यू लाइक?" तोंडातून निघालं — कॅन्टीन. खरं तर तेवढंच पाहिलं होतं, चहा पिताना.

नाही झालं. झालं असतं तर लाजच वाटली असती.

२ जून

दोघी आल्या. दारातल्या पायपुसण्यावर अन्वीचे बूट झटकले तर मूठभर वाळू! मँचेस्टरच्या बागेतली असणार. लेक पेंगत होती. सुहासिनी मात्र भलतीच खुशीत. मला राग आला. इथे मी रोज खचतोय आणि ही हिंडून ताजीतवानी!

खूप थकलोय. झोपूनही जात नाही असला थकवा.

७ जून, मंगळवार

काही नाही.

११ जून, शनिवार

सुहासिनी तांदूळ धूत होती. पाठमोरीच म्हणाली, "ते तिसरं पत्र कुठाय?"

"असेल. एकच जागा आहे. सात तास लांब. झालं तरी काय उपयोग? तू इथली नोकरी सोडणार आहेस?"

तिनं पाणी बदललं, परत तांदूळ धुतले. तीनदा धुतले. मी काय समजायचं ते समजलो. तिचं तरी काय चुकलं? तिच्या जिवावर तर घर चालतंय. माझ्या पासपोर्टवर 'डिपेंडंट' असा शिक्का आहे. पण एक शब्द तरी बोलायचा!

यतीनला येतो म्हणून कळवायचं. आज नको. मंगळवारी.

१४ जून, मंगळवार

यतीनच्या आधी कंब्रियाला फोन लावला. जायचं नसेल तर तसं कळवावं, एवढी तरी रीत पाळावी. नाव सांगितलं मात्र, सेक्रेटरीबाई जवळजवळ ओरडल्याच — "ओ, डॉक्टर! हाउ इज लिटल अन्वी?"

मला कळेचना. मग त्यांनी सांगितलं. तुमच्या मिसेस आणि मुलगी हाफ-टर्ममध्ये येऊन गेल्या की! तुम्हाला त्याच दिवशी दुसरा इंटरव्ह्यू होता म्हणून तुम्हाला जमलं नाही म्हणाल्या. डिपार्टमेंट पाहिलं, अन्वीसाठी शाळा पाहिली, भाड्यानं घरं कुठे मिळतात ते विचारलं. आमच्या डॉक्टरांनी अन्वीला समुद्रावर नेऊन आइस्क्रीम दिलं. सहा उमेदवार आहेत, पण व्हिजिटला आली ती फक्त तुमच्याच घरची माणसं. गुरुवारी भेटूच!

वाळू!

नाव मागे घ्यायचं राहूनच गेलं. सुहासिनी अजून ऑफिसातून यायची आहे.

एकच जागा असली की आतला माणूस ठरलेला असतो म्हणे. या वेळी तो मी आहे.