वीटवाल्या आजीविषयी खरे काय ते

मी, नोई इनसोम वोंगखाम, वय एकोणपन्नास, राहणार चियांग माई, जुन्या तटाच्या आत, सुअन प्रुंग दरवाजाजवळची गल्ली, धंदा लोकांना पायी शहर दाखवण्याचा, हे माझ्या हाताने लिहीत आहे. कोणी दडपण आणलेले नाही. मी शुद्धीवर आहे. मला भीती वाटते आहे, पण भ्यालेला माणूस शुद्धीवर नसतो असे कायदा म्हणत नाही, हे मी विचारून घेतले आहे. उद्या बुधवारी माझ्या पोटाची शस्त्रक्रिया आहे. इस्पितळ खंदकापलीकडे आहे.

एक. लाकडी घर, त्याखालची जागा आणि बँकेत जे काही आहे ते माझी एकुलती मुलगी सेंगदा हिचे. तिची आई नाही. दुसरा वारस नाही. घराच्या मागच्या खांबाला वाळवी आहे. ती लपवून घर विकू नये.

दोन. माझ्या सतरा वह्या सेंगदाच्या. गावच्या विहारात श्रामणेर, म्हणजे बालभिक्षू, असताना मला जुनी लिपी शिकवली, तेवढेच माझे शिक्षण. त्या लिपीच्या जोरावर मी या शहरातले शिलालेख वाचले, कोणत्या दरवाजाला कोणते नाव का पडले ते लिहून ठेवले. जिथे मला माहीत नाही तिथे ‘माहीत नाही’ असे लिहिले आहे. एक जागा सोडून. तिचे पुढे येईल.

तीन. नान थिप हा माझा जुना सोबती आणि धंद्यातला प्रतिस्पर्धी. त्याला मी काही देत नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, म्हणूनच त्याला साक्षीदार केले आहे. पाहुण्यांना फिरवण्याची माझी तळ्याकाठची वाट वीस वर्षांपूर्वी त्याने उचलली आणि वर मलाच म्हणाला, “नोई, तुझा इतिहास लांब आणि तुझ्या मागची माणसं कमी. माझं उलटं आहे.” हे मी विसरलेलो नाही. वह्या मागितल्या तर त्याने घरात बसून वाचाव्यात. हाती देऊ नयेत.

चार. मी इस्पितळात वारलो तर मला तटाच्या आत आणू नये. बाहेर मेलेला माणूस आत येत नाही, आणि आत मेलेला फक्त सुअन प्रुंग दरवाजातूनच बाहेर जातो. ही रीत मी हजारो लोकांना त्या दरवाजाखाली उभे राहून सांगितली. लोक हसत, मीही हसत असे. गेल्या महिन्यापासून मी तो दरवाजा वगळून लोकांना पुढे नेतो. मला थेट बाहेरच्या स्मशानात न्यावे. मंत्रपठणाला पाच भन्ते पुरेत.

पाच. आता ती जागा.

आमच्या गल्लीच्या टोकाला बकुळीखाली विटांचा ढीग आहे. चौदा वर्षांपूर्वी बँकॉकच्या काही पाहुण्यांना घेऊन चाललो होतो. ऊन फार होते. त्या सकाळी मी दोनदा ‘माहीत नाही’ म्हटले होते. एका बाईंनी विटा दाखवून विचारले, “आणि हे काय हो, काका? की हेही माहीत नाही?” सगळे हसले. मी म्हणालो, “ही वीटवाल्या आजीची जागा. तट बांधताना विटा वाहता वाहता इथेच बसली, ती उठली नाही. तटाबाहेर जाणाऱ्यांची ती राखण करते.”

हे मी त्या क्षणी रचले. आजी कोणी नव्हती. त्या विटा भाताच्या जुन्या कोठाराच्या चौथऱ्याच्या आहेत, हे कोठारावर काम केलेल्या म्हाताऱ्याकडून मला पुढे कळले.

आठवड्याने तिथे झेंडूची माळ दिसली. मग लाल सरबताची बाटली, मग छोटे देवघर. वर्षभरात थिप आपल्या माणसांना तिथे थांबवून सांगू लागला की राजाने आजीला सोन्याची वीट दिली होती. मी त्याला बाजूला घेऊन खरे सांगितले. तो म्हणाला, “गप्प बैस. तू तिला जन्म दिलास, पण वाढवली गल्लीनं. आता बाप म्हणून हक्क सांगायला येतोस?”

मी गप्प बसलो. खोटे न बोलण्याचे शील मी रोज सकाळी म्हणतो आणि रोज त्या बकुळीवरून जातो.

याहून वाईट एक गोष्ट आहे. तिथे मागितलेले लोकांना मिळते. हरवलेले सापडते, दुखणी बरी होतात. गेली काही वर्षे तिथून जाताना माझी पावले आपोआप भरभर पडतात. मी खोटे बोललो याची मला भीती आहेच. पण मी रिकामी जागा आजीची म्हणून दाखवली आणि तिथे खरेच कोणी येऊन बसले असेल तर, याची भीती जास्त आहे.

सहा. सेंगदाला नान प्रांताच्या डोंगरातल्या शाळेत शिक्षिकेची जागा मिळाली आहे. मे महिन्यात हजर व्हायचे. रविवारी ती हसत घरी आली. म्हणाली, “बाबा, आता काळजी सोडा. मी आजीशी बोलून ठेवलंय.”

“काय बोललीस?”

“तुम्ही चालत घरी आलात की मी जन्मभर तटाबाहेर झोपणार नाही. रोज तिचं अंगण झाडीन. शाळा काय, इथंही मिळेल.”

“अगं, इथं कुठली मिळतेय!”

“मग नाही मिळाली. बाप तर मिळेल ना?”

मी तीनदा तोंड उघडले आणि तीनदा पाणी मागितले.

मग माझ्यामागे तरी तिला खरे कळेल म्हणून हे मृत्युपत्र लिहायला घेतले. पाचवे कलम लिहून झाल्यावर माझी चूक माझ्या ध्यानात आली. मी मेलो तर नवस आपोआप सुटतो. मी जगलो तरच ती अडकते. मेल्यावर उघडायचा कागद तिच्या काही कामाचा नाही.

म्हणून असे ठरवतो: हा कागद उद्या सकाळी सहाला, इस्पितळाकडे निघण्यापूर्वी, आमच्या घरी नान थिपने मोठ्याने वाचावा. त्याचा आवाज चांगला आहे आणि तो कशाला लाजत नाही. सेंगदाने शेवटपर्यंत ऐकावे. मी समोर बसलेला असेन. तिला माझ्यावर ओरडायचे असेल तर तेव्हाच ओरडावे, मी ऐकू शकतो तोवर.

सेंगदा, जिच्यापाशी नवस केलास ती कोणी नाही, म्हणून नवसही नाही. मेमध्ये नान प्रांतातल्या शाळेत जा.

आणि आजी, तुम्ही खरेच तिथे असाल, तर तुम्हाला नाव देणारा मी आहे. फेडून घ्यायचे ते माझ्याकडून घ्या. मुलीचा शब्द तिला परत द्या.

स्थळ: चियांग माई, तटाच्या आत
मंगळवार, १३ फेब्रुवारी, बुद्धाब्द २५६७, दुपारी

सही: नोई इनसोम वोंगखाम

आमच्या दोघांदेखत सही झाली:
१. भन्ते सुमेध, गल्लीतला विहार
२. नान थिप केवमून. (तळ्याकाठची वाट उचलली हे खरे. उद्या सहाला येतो.)