तोच तोटा दोनदा

प्रिय मुंगळ्या,

पत्र बघून दचकला असशील. दर रविवारी फोनवर तासभर बोलणाऱ्या बहिणीला पत्र लिहायची काय अवदसा आठवली, असं तुझ्या बायकोनं विचारलंच असेल. तिला सांग, साठी जवळ आली, बुद्धी नाठी झाली. खरं सांगायचं तर काही गोष्टी मला फोनवर बोलता येत नाहीत. मी सुरुवात केली की तू मध्येच हसतोस, विषय बदलतोस, आणि मी आयती सुटते. बावीस वर्षं मी अशीच सुटत आले आहे. तेव्हा ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. मला त्या कागदाबद्दल बोलायचं आहे, तुझ्या पोकरच्या हिशेबाच्या. तू तो अजून कपाटात ठेवला आहेस, हे मला माहीत आहे. पत्र पुरतं वाचून होईपर्यंत तो बाहेर काढू नकोस.

तुझ्या त्या तीन वह्या मला अजून डोळ्यांसमोर दिसतात. फर्निचरच्या दुकानावरच्या मजल्यावर तो पत्त्यांचा क्लब होता, जिना चढताना पॉलिशचा वास यायचा. शुक्रवारी कामावरून सुटलास की तू तिथे जायचास आणि आल्यावर आधी वही उघडायचास. तारीख, किती वाजता बसलो, किती वाजता उठलो, किती घेऊन बसलो, किती घेऊन उठलो. हरलास तरी त्याच सुवाच्य अक्षरात. मी तेव्हा सहा वर्षं विमा कंपनीत होते, हरलेला आकडा इतक्या शांतपणे लिहिणारा माणूस मी कंपनीतही पाहिला नव्हता. आईला वाटायचं पोरगं वाया गेलं. जुगारी म्हणायची तुला, तोंडावर. मला मात्र वह्या वाचल्यावर कळलं होतं की हा जुगार नाही. तू शंभरातले ऐंशी डाव पत्ते बघून सोडून द्यायचास आणि उरलेल्या विसांत चिकटायचास. गुळाला मुंगळा, उगाच नाही नाव पडलं.

मग दोन बोलावणी एकाच महिन्यात आली. पाणीपुरवठ्याच्या मीटर तपासणीत तू हंगामी होतास, तिथून कायम केल्याचं पत्र आलं, महिन्याच्या आत हो की नाही कळवा म्हणून. आणि बंदराच्या शहरातल्या मोठ्या क्लबातून तुझ्याबरोबर खेळणाऱ्या त्या मित्राचा निरोप आला, खोली घेतली आहे, ये, आपण दोघं हाच धंदा करू. तू चार दिवस घरात भूत लागल्यासारखा फिरलास. पाचव्या दिवशी वह्या माझ्यापुढे टाकल्यास आणि म्हणालास की ताई, तूच मांड. तीस वर्षांचा हिशेब मांड, पोकर आणि नोकरी, शेजारी शेजारी. शाळेत गणित शिकवायची जागा होती तीही धर. जे जास्त भरेल ते मी करीन, पुन्हा तोंड वर करून बोलणार नाही. आई पलंगावरून ऐकत होती. तिचं उजवं अंग जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते. तिला नीट बोलता येत नव्हतं, तरी तिनं माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरले नाही.

मी दोन रविवार बसले. अगदी कंपनीत बसते तशी. तुझे सगळे तास मिळवले, सगळी जीतहार मिळवली, तासाचा दर काढला. क्लबचा वाटा वजा, प्रवास वजा, खोलीभाडं वजा. पेन्शन नाही, आजारपणाची रजा नाही, त्याचीही किंमत लावून वजा. पंचेचाळिशीनंतर डोकं इतकं चालणार नाही म्हणून तिथून पुढे दर निम्मा. मी हातचं काही राखलं नाही, तुझ्या बाजूनं एका पैचंही झुकतं माप दिलं नाही. मग तीस वर्षांची बेरीज केली. मीटरची नोकरी शंभर धरली तर शाळामास्तर चौऱ्याऐंशी भरला. आणि पोकर भरला एकशे अठ्ठावीस.

हो. एकशे अठ्ठावीस. पुन्हा वाच हवं तर.

तुझ्या कपाटातल्या कागदावर सत्त्याण्णव लिहिलं आहे. ते कसं आलं ते सांगते. दुसऱ्या वहीत तुझा एक वाईट पट्टा होता, आठवतो? साडेतीन महिने तू हरतच होतास, जेवायचा नाहीस धड. तो तोटा तासाच्या दरात आधीच आला होता. तू हरलेली दमडीन् दमडी त्यात होती. मी तोच पट्टा पुन्हा घेतला, त्याला 'धोक्यापोटी वजावट' असं भारदस्त नाव दिलं आणि दर तीन वर्षांनी एकदा याप्रमाणे तीसही वर्षं कापून टाकला. तोच तोटा दोनदा. कंपनीतल्या कुणी नवख्यानं असं केलं तर मी कागद त्याच्या अंगावर फेकते. ही चूक नव्हती रे. मी पेन्सिल खाली ठेवली, आईला कूस बदलून दिली, पाणी पाजलं, परत येऊन बसले आणि विचार करून केलं. पोकर साठावर आणता आला असता, सत्तरावर आणता आला असता. सत्त्याण्णववर आणला, कारण थोडक्यात हरलेलं माणसाला खरं वाटतं. आणि तुला तर नक्कीच वाटणार, हे मला ठाऊक होतं.

का केलं, ते तुला आता कळलंच असेल, तू काही बावळट नाहीस. माझ्या पर्समध्ये मुख्य कचेरीतल्या बदलीचं पत्र होतं. कुणालाच बोलले नव्हते. तू बंदराच्या शहरात गेला असतास तर आईजवळ मी राहिले असते, कायमची. सकाळी अंग पुसणं, भरवणं, दर दोन तासांनी कूस, आणि कंपनीत त्याच खिडकीशेजारचं तेच टेबल. मी तेहतीस वर्षांची होते आणि मला गुदमरल्यासारखं व्हायचं. मला तुला स्पष्ट म्हणता आलं असतं की मुंगळ्या, मला जायचं आहे, आईला तू बघ. भांडलो असतो, रडलो असतो, काहीतरी तोड निघाली असती. कदाचित तू हसत हसत हो म्हणाला असतास, तुझा काय भरवसा. पण मागितलं असतं तर तुझे उपकार झाले असते, आणि मला उपकार नको होते. मला नुसतं जायचं होतं. म्हणून मी तुझा केसानं गळा कापला, तोही पट्टीनं रेघा आखलेल्या कागदावर.

तू कागद बघितलास. तीन आकड्यांकडे पाहिलंस आणि हसलास, म्हणालास की तीन गुणांनी नापास. वजावटीच्या ओळीवर तुझं बोट क्षणभर थांबलं होतं. माझी पाचावर धारण बसली. पण तू काही विचारलं नाहीस. बाहेर आईला सांगायला गेलास. तिला तेव्हा आनंदानं रडू फुटलं आणि तू तिचं तोंड पुसलंस. दुसऱ्या महिन्यात मी बदलीचं सांगितलं, तर तूच माझी पेटी बांधून दिलीस. एक शब्द वाकडा नाही.

आई पुढे अकरा वर्षं जगली. मला वाटलं होतं दोन, फार तर तीन. माणसं किती जगतात याचीच कोष्टकं मांडून मी पोट भरते, आणि स्वतःच्या आईचा अंदाज चुकला. तुझी बायको आली, लेक झाली, आपली भिंगरी, आणि मी वर्षातून आठ दिवस पाहुणीसारखी यायचे, सगळ्यांना कपडे आणायचे, आठव्या दिवशी सुटल्यासारखी गाडीत बसायचे. एकदा तुझ्या तपासणीच्या खोलीत आले होते. ओली फरशी, टेबलावर ओळीनं पितळी मीटर, नळ सोडायचा, टाकीत पाणी किती पडलं आणि मीटर किती म्हणतो ते बघायचं. तू मला मोठ्या हौशीनं दाखवलंस की बघ ताई, हा बेटा शंभर लिटरला चार लिटर खोटं बोलतोय. तुझ्या बोटांना पाण्यानं सुरकुत्या पडल्या होत्या. मी बाहेर जाऊन उगाच खोकत उभी राहिले. तू धावत पाणी घेऊन आलास.

आणि ते पत्ते! आईला एका हातानं धरता येईनात म्हणून तू लाकडाच्या पट्टीला खाच पाडून तिच्यात पत्ते उभे करून दिलेस आणि रोज संध्याकाळी तिच्याशी रमी खेळलास. जी बाई तुला जुगारी म्हणायची ती सहा वाजले की डाव्या हातानं पलंग बडवायची. मी एकदा म्हटलं की अरे, एखादा डाव तरी हर, म्हातारी आहे. तू म्हणालास की हरलो तर उद्या खेळायला उठेल का ती? जिंकणारच, तिला चिडवणारच. आईची पाच-सहा वर्षं तरी तुझ्यावरच्या रागावर निघाली असतील. ती गेल्यावर मी आले तेव्हा ती पट्टी खिडकीत होती. मला ती घ्यायची होती. मागायला तोंड नव्हतं.

तू पोकर खेळला असतास तर सुखी झाला असतास असं मी म्हणत नाही. तुझ्या त्या मित्राचं मी कंपनीतल्या ओळखीनं शोधून काढलं. तुझ्या वह्यांत त्याचेही आकडे होते, त्यांवरून तो तुझ्या निम्म्यानंच जिंकायचा. आज त्याची दोन घरं आहेत, पाठीची दोन ऑपरेशनं झाली आहेत, बायको कधीच सोडून गेली. यातलं किती तुझ्या वाट्याला आलं असतं, कोण सांगणार. तू गेला असतास तर भिंगरी नसती, हेही मला कळतं, आणि तू हेच म्हणून मला सोडून देशील याची तर खात्रीच आहे. कृपा करून देऊ नकोस. तुझ्याकडे तुझी पोर आहे, म्हणून माझं पाप कमी होत नाही. निवड तुझी होती. मी ती चोरली आणि वर तुझ्याकडून आभार घेतले. गेल्या वर्षी तुझ्या पगारवाढीला तू फोनवर म्हणालास ना, की ताई, तुझ्या कागदानं वाचवलं. मी म्हटलं, असू दे, असू दे. त्या दिवशी मला अन्न गोड लागलं नाही.

आता आज का लिहितेय ते. तीन आठवड्यांपूर्वी भिंगरीनं मला तिच्या आठ महिन्यांच्या पोकरचा सगळा तपशील पाठवला, संगणकावरून खेळते तो. तुला माहीत आहे, कारण तूच तिला माझ्याकडे पाठवलंस. दातांच्या कवळ्या करायची नोकरी सोडायची की नाही, तीस वर्षांचा हिशेब मांड, आत्या, बाबा म्हणतात आत्याचं गणित चुकत नाही, असं लिहिलंय पोरीनं. मी सहा वेळा मांडला. आठ महिने फारच थोडे आहेत. तिचे सगळ्यांत चांगले तीन दिवस काढले तर खाली काहीच उरत नाही. समोर बसणारी माणसं तुझ्या वेळेपेक्षा कितीतरी तयार आहेत आणि दरमहा आणखी तयार होताहेत. कवळ्या शंभर, तर पोकर एकसष्ट. या वेळी मी कुठे 'हो' निघतंय का, ते शोधत होते रे. मोहही झाला, तोटा एकदाही न धरता एकशे तीस लिहून टाकावं, म्हणजे तुझी फेड होईल. नाही लिहिलं. उत्तर नाही असंच आहे आणि ते खरं आहे. पण ती ते ऐकणार तुझ्या शब्दावर, आणि तू तो शब्द दिलास माझ्या खोट्या कागदावर. म्हणून तिचा हिशेब तिला न पाठवता तुला पाठवते आहे. आधी तुझा कागद काढ, वजावटीची ओळ खोड आणि बेरीज स्वतः कर. मग तिला समोर बसवून आत्यानं काय केलं ते सांग, काही झाकू नकोस, आणि त्यानंतर माझा हा कागद तिच्या हातात दे. तिचा विश्वास बसला नाही आणि ती नोकरी सोडून गेली, तर मला दोष दे, तिला देऊ नकोस. फोन करू नकोस. माझा आवाज ऐकलास की तू विरघळशील.

तुझीच म्हणवून घ्यायचा हक्क राहिला असेल तर तुझीच,
ताई